साडेसहाला जातो, जाऊ द्या

फायरवॉल म्हणजे काय, हे नेटताईंनी आजवर इतक्या जणांना समजावलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी न अडखळता सांगितलं असतं. रखवालदार समजा, त्या म्हणायच्या. आपल्या रुग्णालयाच्या नेटवर्कला पासष्ट हजारांवर दारं आहेत, त्यांना पोर्ट म्हणायचं. रखवालदाराच्या हातात एक यादी असते. कोण निघालं, कुठे निघालं, कुठल्या दाराने, आणि त्याला सोडायचं की अडवायचं. तो यादी वरून खाली वाचत जातो आणि लागू पडणारा पहिला नियम पाळतो. शेवटचा नियम सगळीकडे सारखाच: वर ज्याचा उल्लेख नाही, त्याला सोडायचं नाही. एवढं सगळं ऐकून समोरचे डॉक्टर समजल्यासारखी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे हो ताई, पण माझा प्रिंटर का चालत नाही?"

ताईंचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. एकोणीस वर्षं त्या इथलं नेटवर्क सांभाळत होत्या आणि एकोणीस वर्षांत एकाही माणसाने 'आज नेट छान चालतंय' असं सांगायला फोन केला नव्हता. बंद पडलं की मात्र सगळ्यांना नेटताई आठवायच्या. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण वैद्यांच्याच घरात इतकी चोख पाळली जाते, हे त्यांना इथे येऊन कळलं होतं.

त्या गुरुवारचं काम तसं साधंच होतं. नेटवर्कच्या सुरक्षेची तपासणी होती. नको असलेली दारं बंद करायची, जुने नियम काढायचे आणि सहाच्या आत दाखला घ्यायचा. दाखला मिळाला नाही तर उद्यापासून प्रयोगशाळेचे रिपोर्ट बाहेर पाठवता येणार नव्हते, आणि हे साहेबांनी सकाळपासून चार वेळा फोन करून सांगितलं होतं. बाहेरून आलेला तपासनीस सकाळी दहालाच तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत येऊन ताईंच्या उजव्या खांद्यामागे खुर्ची टाकून बसला होता. त्या खोलीत मशिनं थंड राहावीत म्हणून एसी इतका ठेवलेला असतो की माणसांनी स्वेटर घालावा. त्यात हा मनुष्य दर दहा मिनिटांनी पुदिन्याची गोळी तोंडात टाकायचा आणि ती दातांनी कडकड फोडायचा.

यादीत एकशे त्रेसष्ट नियम होते. त्यांतले निम्मे ताईंनी लिहिलेलेच नव्हते, मास्तरांच्या काळातले होते. एक नियम अशा मशिनसाठी होता जे सात वर्षांपूर्वी भंगारात गेलं. एक नियम एका सर्जनसाहेबांना दुपारी बुद्धिबळ खेळता यावं म्हणून केलेला होता. एका नियमाच्या शेऱ्यात नुसतं 'तात्पुरता' लिहिलेलं होतं आणि त्यावर तारीख चौदा वर्षांपूर्वीची होती. तपासनीस प्रत्येक नियमाला विचारायचा, "हा कशासाठी, मॅडम?" आणि ताई दात-ओठ खात उत्तर शोधायच्या.

मास्तर म्हणजे आधी ताईंच्या वर राहून हे सगळं सांभाळणारा माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ताईंना काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना दोन गोष्टी अक्षरशः कान पिळून सांगितल्या होत्या. पहिली, नियम कधी एकदम पुसायचा नाही. आधी झोपवायचा, म्हणजे यादीत ठेवून नुसता बंद करायचा. आठ दिवस थांबायचं आणि कोण ओरडतंय ते बघायचं. कोणीच ओरडलं नाही, की मग पुसायचा. दुसरी गोष्ट, 'कुठे' या रकान्यात 'कुठेही' असं कधी लिहायचं नाही. "कुठेही लिहिणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर घाबरलेला," मास्तर म्हणायचे. "आणि आपल्या धंद्यात दोघांचंही काही खरं नाही."

दुपारी आईचा फोन आला. आई वरच होती, चौथ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या खाटेवर. खुब्याचा सांधा बदलून पाच दिवस झाले होते आणि उद्या सकाळी तिला घरी सोडणार होते. घरात या दोघीच, त्यामुळे पाच दिवस ताईंची घर ते तळमजला ते चौथा मजला अशी त्रिस्थळी यात्रा चालली होती. डॉक्टरांनी आईला एकच ताकीद दिली होती: वॉकर आणि सिस्टर दोन्ही जवळ असल्याशिवाय पाय खाली टेकवायचा नाही. सांधा निसटला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा भूल द्यायची त्यांची तयारी नव्हती.

"कामात आहेस का गं?" आईने विचारलं.

"नाही, माशा मारतेय. बोल."

"इथे चहा म्हणून जे देतात ना, त्यात बहुतेक पट्ट्या धुतात. येताना थर्मास आण."

"सहानंतर येते."

"साडेसहाच्या आत ये. साडेसहानंतर मला छान झोप लागते. कसं मोकळं मोकळं वाटतं बघ, खाटेवरचं कोणीतरी उठून गेल्यासारखं."

"आई, साडेसहाला भेटायला आलेले लोक जातात. म्हणून मोकळं वाटतं."

"असेल बाई," आई म्हणाली.

एकेचाळिसावा नियम आला तेव्हा पाच वाजायला आले होते. कोण: चौथा मजला, खाट नऊ, भिंतीतला पॉइंट. कुठे: बाहेरचा एक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक मशिनला असतो तसला लांबलचक आकडा. सोडायचं. आणि शेऱ्यात, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, मास्तरांनी लिहिलं होतं: 'साडेसहाला जातो. जाऊ द्या.'

गोळी कडकन फुटली. "जातो कोण, मॅडम?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाल्या.

नियमाच्या शेजारी दोन काउंटर असतात, किती वेळा गेलं आणि किती वेळा परत आलं. काल एकदा गेलं होतं, एकदा आलं होतं. परवाही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही. ताईंनी वॉर्डात फोन लावून सिस्टरांना विचारलं की नऊ नंबरच्या पॉइंटला काय जोडलंय.

"काही नाही हो ताई. ठोके दाखवायचा मॉनिटर असतो, तो सोमवारी दुरुस्तीला गेला. आई मस्त आहेत, काळजी करू नका."

सोमवारपासून तिथे काहीच नव्हतं, आणि मंगळवारी, बुधवारी कोणीतरी तिथून निघून परत आलं होतं. "काउंटर कधीकधी चुकतात," ताई तपासनिसाला म्हणाल्या. काउंटर चुकत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मास्तरांना तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा घंटा वाजून वाजून थांबली. अकरा वर्षं असल्या कोड्यात लिहिलेला शेरा ठेवून म्हातारा दुपारचा घोरत पडला असणार, म्हणून त्यांचा जीव आणखीच वैतागला.

"मी हा झोपवून ठेवते," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी पुसते."

"झोपवलेला नियमही यादीत मोजला जातो. दाखल्यात लाल खूण येईल."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्याच वेळी क्ष-किरण विभागाचा आला, त्यांची चित्रं जात नव्हती. त्याच वेळी आईने मेसेज केला, 'थर्मास'. ताईंनी एक फोन कानाला लावला, दुसरा कापला आणि एकेचाळीस नंबर पुसून टाकला.

पुढे भराभर एकोणसत्तर नियम उडाले. सहाला पाच कमी असताना ताईंनी शेवटी यादीची प्रत काढून ठेवली. मशिनने विचारलं, सकाळची प्रत याच नावाची आहे, तिच्यावर लिहू का? साहेब कानात बोलत होते. "हो साहेब, हो," असं म्हणत ताईंनी तिथेही 'हो' दाबलं आणि जुनी यादी जगातून नाहीशी झाली. पत्त्याचा तो आकडा त्या क्षणी कोणाच्याही कागदावर उरला नाही. हे त्यांच्या लक्षात यायला अजून पाऊण तास होता.

तपासनीस दाखला देऊन गेला. साहेबांनी फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. एकोणीस वर्षांच्या सेवेत मिळालेलं हे पहिलं कौतुक. ताईंनी लॅपटॉप काखेत मारला, कँटीनमधून थर्मास भरून घेतला आणि लिफ्ट बंद असल्यामुळे, शिव्या घालत, जिन्याने चौथ्या मजल्यावर गेल्या.

आई उशीला टेकून बसली होती. बाहेर अजून चांगला उजेड होता. वॉर्डात सात ते बारा नंबरच्या सहा खाटा होत्या, चार रिकाम्या, आणि दाराजवळच्या खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आईने चहाचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय," म्हणाली. ताई खुर्चीत बसल्या. पाठ दिवसभरात पहिल्यांदा कुठेतरी टेकली होती. सहा वाजून वीस मिनिटांनी मास्तरांचा फोन आला.

"तीन वेळा फोन केलास. झोपलो होतो. यंत्र काढून ठेवतो ना कानातलं."

"मास्तर, तुमचे शेरे म्हणजे एकेक रत्न आहेत. तो एकेचाळीस नंबर काय होता?"

"होता?" मास्तरांनी विचारलं.

"पुसला. तपासणी होती. तुम्ही उचलला असतात फोन तर विचारलं असतं."

"कधी पुसलास?"

"पाचला."

"म्हणजे आजचं अजून व्हायचंय... नऊवर कोण आहे गं आत्ता?"

ताईंनी आईकडे पाहिलं. आई थर्मासचं झाकण लावत होती. ताई उठून खिडकीपाशी गेल्या आणि आवाज बारीक केला. "माझी आई आहे. का?"

मास्तर हळूहळू सांगू लागले. अकरा वर्षांपूर्वी नऊ नंबरवर एक आजोबा होते. संध्याकाळ झाली की घरी जायचा हट्ट धरायचे. घरी मुलगी अंथरुणाला खिळलेली, मनू तिचं नाव, तिला येता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, यांच्या ठोक्यांची रेघ रोज अर्धा तास तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर दिसू दे, दोघांनाही धीर येईल. मास्तरांनी नियम लिहिला. साडेसहाला सुरू, सातला बंद. तो अर्धा तास आजोबा अगदी शांत पडून असायचे. विचारलं तर म्हणायचे, आता मी घरी आहे, हाका मारू नका.

"मग?"

"मग एक दिवस पावणेसातला गेले. देह इथेच होता, पोरी. पण ते त्या वेळी इथे नव्हते ना..."

"मास्तर, तुम्ही नेटवर्कचा माणूस आहात की मांत्रिक?" ताई फणकारल्या. "दिवसभर डोकं पिकलंय माझं. आता तुम्ही नका सुरू करू."

"मीही असंच म्हणालो होतो. झोपवला मी तो नियम. कोण ओरडतंय ते बघू म्हटलं. नऊवर एक फुटबॉल खेळणारा मुलगा होता. साडेसहाला ताज्या टाक्यांनिशी उठला आणि दाराकडे चालायला लागला. मनू वाट बघतेय, मला घरी सोडा, म्हणून ओरडत होता. टाके तुटले, पण तो वाचला. दुसऱ्या दिवशी तिथे एक बाई होत्या. त्या नाही वाचल्या. मग मी नियम उठवला. तेव्हापासून रोज जातो, सातला परत येतो, कोणाला त्रास नाही... किती वाजले तिथे?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजत होते. ताईंना भीती वाटली नाही. प्रचंड राग आला. रिकाम्या पॉइंटमधून काही जात नसतं हे त्यांना माहीत होतं, आणि तेच दाखवायला त्यांनी लॅपटॉप उघडून फायरवॉलने अडवलेल्यांची यादी समोर आणली. यादी रिकामी होती. घड्याळाचा काटा सरकला आणि तिच्यावर एक ओळ आली. चौथा मजला, खाट नऊ, अडवलं. मग दुसरी. मग ओळी इतक्या वेगाने वर सरकू लागल्या की वाचता येईनात. पोर्ट एक, अडवलं. पोर्ट दोन, अडवलं. तीन, चार, पाच. दारामागून दार. पत्तेही बदलत होते, एकदा हा, एकदा तो. लांबलचक बोळात कोणीतरी एकेक कडी ओढून बघत चाललं होतं.

खाटेमागच्या भिंतीत पॉइंट होता. त्याला काहीच जोडलेलं नव्हतं, वर प्लॅस्टिकचं टोपण होतं, आणि टोपणाच्या कडेने हिरवा दिवा लुकलुकत होता. वॉर्डात एक वास आला. औषधाचा नव्हे. बरेच दिवस बंद असलेलं घर उघडल्यावर येतो तसा.

"आई?"

आई सरळ उठून बसली होती. पाच दिवसांत कूस बदलताना जिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ती कण्हलीसुद्धा नाही. तिने चादर बाजूला केली, नीट घडी घालून पायथ्याशी ठेवली.

"उशीर झाला," ती म्हणाली. "मनू वाट बघत असेल."

"आई, पाय खाली टेकवू नकोस. आई!"

"मला घरी सोडा... दार का लावलंत?"

ताईंनी तिचे खांदे धरले. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगात तेवढा जोर असूच शकत नव्हता. सिस्टर धावत आल्या, त्यांनी पाय धरले. "ताई, सांधा निसटेल हो!" त्या ओरडल्या. आईचा एक पाय खाटेखाली लोंबकळत होता, अंगठा फरशीपासून चार बोटांवर. खुर्चीवर पडलेल्या फोनमधून मास्तर ओरडत होते, "लिही परत! नियम परत लिही!"

"सिस्टर, काही झालं तरी सोडू नका," म्हणून ताईंनी लॅपटॉप मांडीवर ओढला. कोण: खाट नऊ. दार: सगळी. सोडायचं. कुठे... कुठे? सकाळच्या प्रतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नवी प्रत लिहिली होती. अडवलेल्यांच्या यादीत फक्त शेवटच्या हजार ओळी राहतात, जुना पत्ता असलेली पहिली ओळ केव्हाच वाहून गेली होती. "मास्तर, पत्ता! पत्ता काय होता?"

"मला कसा आठवेल? तुझ्याकडे प्रत नाही?"

आईचा अंगठा फरशीला लागला.

ताईंनी 'कुठेही' लिहिलं आणि बटण दाबलं.

ओळी थांबल्या. हिरवा दिवा एकदा ठळक झाला आणि विझला. आईच्या अंगातला जोर एकदम गेला आणि ती कळवळून "आई गं" म्हणाली. ते कळवळणं ऐकून ताईंना रडू फुटलं. सिस्टरांनी पाय अलगद वर घेतला.

"दार कोणी उघडलं गं?" आईने विचारलं. "गार वारा आला." वॉर्डाची खिडकी बंद होती.

बऱ्याच वेळाने ताईंनी फोन कानाला लावला. मास्तर अजून होते. "पत्ता काय घातलास?"

"कुठेही."

मास्तरांनी इतका लांब श्वास सोडला की तो फोनमध्ये घरघरला. "बदल तो. आजच बदल."

"कुठला घालू? ते घर कुठे आहे?"

"घर तर कधीच पाडलं. मुलीचं काय झालं कोणाला माहीत नाही."

"मग काय लिहू मी तिथे?"

"...मलाही नाही माहीत, पोरी."

त्या रात्री ताई घरी पोचल्या तेव्हा जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बाहेर ओढलेली होती. सकाळच्या घाईत आपणच तशी ठेवली असणार, असं म्हणून त्यांनी ती आत सारली. दुसऱ्या दिवशी तपासणी करून डॉक्टरांनी सांधा जागेवर असल्याचं सांगितलं आणि आई घरी आली.

नंतरचे दिवस बरे गेले. नऊ नंबरवर नवा रुग्ण आला आणि साडेसहाला काही झालं नाही. सिस्टरांनी मुद्दाम फोन केला. "ताई, त्या खाटेवर आता किती शांत असतं म्हणून सांगू! पूर्वी दिवसभर कसंतरी जड जड वाटायचं ना, तेही गेलं." नेट छान चालतंय म्हणून आलेला हा आयुष्यातला पहिला फोन, आणि तोही ताईंना धड आवडला नाही. पत्ता बदलायचं रोज मनात यायचं. पण बदलून लिहायचं काय, हे सुचत नव्हतं, आणि चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला, असं म्हणून त्या पुढे ढकलत होत्या. मास्तरांच्या हिशेबाने आठ दिवस होत आले होते आणि कोणी ओरडलं नव्हतं.

आईचं एकच नवीन खूळ होतं. संध्याकाळी चहा करताना ती दोन कप मागायची. एक स्वतःच्या हातात आणि एक टेबलापलीकडच्या खुर्चीसमोर. "निवू दे जरा, गरम चालत नाही," एवढंच म्हणायची. भूल उतरायला वेळ लागतो, म्हातारपणी थोडं असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई चडफडत दोन कप धुवायच्या.

आठव्या दिवशी तपासनिसाचं पत्र आलं. नंतरच्या पडताळणीत 'कुठेही' असं लिहिलेला एक नियम आढळला आहे, उद्यापर्यंत पत्ता भरावा, अन्यथा दाखला रद्द. ताईंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि घरूनच लॅपटॉप उघडला. संध्याकाळची वेळ होती. दिवे लागले होते आणि आई पलीकडे टेबलापाशी काहीतरी हळू बोलत होती. ताईंनी ठरवलं, जातोय कुठे ते बघायचं, तोच पत्ता रकान्यात भरायचा आणि मोकळं व्हायचं.

त्यांनी नियमाचे काउंटर पाहिले. गेलं: एक. आलं: शून्य.

त्यांनी ते दोनदा वाचलं. आठ दिवसांत एकदाच. मग चालू असलेल्या जोडण्यांची यादी उघडली, म्हणजे जे बाहेर गेलंय आणि अजून परतलेलं नाही त्याची. तिच्यात खाट नऊची एक ओळ होती. सुरू झाल्याची वेळ गेल्या गुरुवारची, सहा वाजून एकेचाळीस मिनिटं. अजून चालू. आणि पुढे, कुठे गेलं तो पत्ता.

तो आकडा ताईंना पाठ होता. घरून काम करता यावं म्हणून त्यांनी स्वतः तो यादीच्या तिसऱ्या नियमात लिहिला होता. तो त्यांच्या घराचा होता.

कपाटावर घरच्या राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ताईंचा हात नियमावर गेला आणि तिथेच थांबला. आता बंद करायचं, तर तो आहे या बाजूला, घरातच कोंडला जाईल. आणि उघडं ठेवलं, तरी आठ दिवसांत तो परत निघालेला नाही. त्याची परतायची वेळ सातची. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. सातला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी कधी नव्हे ते हात जोडले आणि काउंटरकडे बघत बसल्या. आलं: शून्य. सात वाजले. शून्य.

"आई," त्यांनी हाक मारली, "तिथे कोणाशी बोलतेयस?"

पावलं वाजली. सावकाश, पण न लंगडता. ताईंनी मान वळवली. वॉकर खाटेपाशी उभा होता आणि आई बाहेरच्या दाराजवळ होती. तिने दार ओढून घेतलं, वरची कडी लावली, मग खालची. कड्या नीट बसल्या का ते तिने एकेक ओढून पाहिलं.

"झालं, मनू," ती मायेने म्हणाली. "आता कुठे जायचं नाही."

टेबलावर दोन कप होते. आईचा कप तसाच भरलेला होता, आणि खुर्चीसमोरचा रिकामा.